दऱ्या

पॉन्टिप्रीद, रात्रीचा दीड.
फोन लॅपटॉपला केबलनं बांधलेला,
बाजूला कालच्या आमटीचा डबा.

गेल्या अपडेटपासून याचा र बिघडला,
सरळ डोक्यावर चढून बसतो.
बाबांना लिहिलं, इकडे नुसत्या दऱ्या;
त्यांना पोचला दर्या.
विचारतात, भरती किती वाजता?
सहाला, म्हटलं. कोण समजावत बसणार.

अनलॉक आहे, मागे नेता येतो.
गेथिन दुकानाचं शटर ओढता ओढता म्हणाला होता,
काहींच्या आत फ्यूज असतो बरं का,
तो उडाला की जुनं काही घेत नाहीत.
तुझा बघितलास?
नव्हता बघितला.

चौतीस टक्के. वायर हलवायची नाही.
फोटोंचा बॅकअप घेतलाय. घेतला असावा.
एकाहत्तर.
मग बराच वेळ एकाहत्तरच.
हात मांडीखाली दाबून बसले,
खाली टॅफ नदी, पुरानंतरची, मातकट.

उठला. तारीख भलतीच, भाषा विचारतोय.
पहिला शब्द टाकला: दऱ्या.
र पुन्हा जमिनीवर.

लगेच टिंग. नवी आवृत्ती तयार आहे,
आज रात्री करू?

नको म्हटलं.
बाबांना मात्र कळवलं नाही काही.
उद्याची भरती कितीला, ते बघून ठेवायला हवं.