जाडी

मी बर्फ मोजतो.
ओउलूच्या पश्चिमेला, बेटाकडे जाणाऱ्या समुद्रावर,
नोव्हेंबर सरला की गिरमिट घेऊन निघतो.
दर शंभर पावलांवर एक भोक, भोकात आकड्यांची पट्टी.
वीसला माणसं. चाळीसला मोटारी.
तोवर रस्त्याला आडकाठी, आडकाठीवर माझी सही.

म्हणून डॉक्टर ह्युवोनेन पडद्याकडे बोट करून म्हणाले,
"अस्तर साडेआठ मिलिमीटर, छान आहे,"
तेव्हा त्या खोलीत मी एकटाच होतो
ज्याला तो आकडा पुरेसा वाटला नाही.

साइला टेबलावर, पाय रिकिबीत,
सांगितल्याप्रमाणे लिटरभर पाणी पिऊन तुडुंब.
"मला हसवू नका," म्हणाली. कुणीच हसवत नव्हतं.

गर्भाशयाचं तोंड वाकडं निघालं.
मऊ नळी आत जाईना. मग जरा ताठ नळी. मग चिमटा.
तिने माझं मनगट धरलं, घड्याळाच्या पट्ट्यासकट,
आणि छताच्या पत्र्याला बारीक भोकं होती ती मोजू लागली.

पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला.
ते नव्हे, नर्स म्हणाली, तो हवेचा बुडबुडा.
पाच दिवसांचं ते, दिसत नाही,
बुडबुड्यावरून समजायचं.

नळी भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे गेली.
पलीकडे मार्केत्ता, सूक्ष्मदर्शकाशी, कुणाशी न बोलणारी.
बर्फ कडाडला की पळायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक.
गप्प असतो तेव्हा काय करायचं
ते कुणी शिकवलं नाही.

"अजून नळीतच आहे."

होतं असं, डॉक्टर म्हणाले, चिकटून राहतं कधीकधी.
पुन्हा सोडू.
साइला हसली. टेबल, चिमटा, लिटरभर पाणी, सगळं विसरून हसली:
"माझ्यावर गेलंय. पहिल्या बोलावण्याला कुठे जात नाही."
दुसऱ्या खेपेला मार्केत्ता म्हणाली, "रिकामी."
इतका गोड शब्द मी त्या हिवाळ्यात दुसरा ऐकला नाही.

सौना बंद, असं कागदावर होतं.
शनिवारी मी सवयीने चूल पेटवली.
ती बाहेर पायरीवर बसली, लोकरी मोजे,
मांडीवर शेजाऱ्यांचं मांजर,
आणि मी आत घाम गाळत, दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत.
तापल्या दगडांवर पाणी टाकलं की उठते
त्या वाफेला आम्ही ल्योल्यू म्हणतो.
शाळेतल्या बाई सांगायच्या, फार पूर्वी हाच शब्द
प्राणाला होता.
मी पाणी बेताने टाकलं.

रक्तातला आकडा आला, एकशे दहा.
दोन दिवसांनी एकशे चाळीस. मी खूश. चढतोय ना!
"दुप्पट व्हायला हवा होता," साइला म्हणाली
आणि उजव्या कुशीखाली हात दाबून
ओट्याशी उभी राहिली, बराच वेळ, नळ चालू ठेवून.

गर्भाशय: रिकामं.
तोच शब्द.
उजव्या नलिकेत एक गाठ, वाटाण्याएवढी.
म्हणजे ते निघालं होतं. कुठेतरी पोचलंही होतं.
धरून बसलं होतं, जिवाच्या आकांताने,
जिथे जागा पातळ होती
तिथे.

एक इंजेक्शन, मांडीत. मग दर आठवड्याला रक्त,
आकडा उतरताना पाहायचा.
नव्वद. एकतीस. पाच.
माझ्या वहीत सगळे आकडे चढते आहेत.
हे मी कुठे लिहू विचारलं,
तर तिने माझ्या हातातून कागद घेऊन चुलीत सारला.

फेब्रुवारीत बेटाचा रस्ता उघडला. एक्केचाळीस. मी सही केली.
पहिली गाडी पोस्टाची गेली, मागून एक ट्रॅक्टर.

त्या शनिवारी ती आत आली,
वरच्या बाकावर बसली, गुडघे छातीशी.
"घाल," म्हणाली.
मी पळी बुडवली.
"किती?"
"मोजू नको."