पाटी नसलेली खिडकी

पाद्रीबाबा, परवा प्रवचनात तुम्ही म्हणालात
त्या गीतातली खिडकी म्हणजे स्वर्ग.
ऐकून माझा पेटीवरचा सूर चुकला.
वय झालं म्हातारीचं, असं वाटलं असेल तुम्हाला.

खिडकी इथलीच आहे. उतरणीवरचं तिसरं घर,
आता पाहुण्यांना भाड्याने देतात ते.

आमचा डोंगर पाटीच्या दगडाचा.
कुठल्या कुठल्या शहरांची छपरं निघाली त्याच्या पोटातून,
खणणाऱ्यांच्या पोटात मात्र चहा आणि पाव.
संप झाला. पहिला हिवाळा गाण्यांवर निघाला,
दुसरा उसनवारीवर.
तिसऱ्यात घराघराच्या खिडकीत पाटी लागली:
या घरात फितूर नाही.

लाउरी प्यूचा इथेल एका पहाटे
डबा घेऊन खाणीवर गेला.
धाकटीच्या खोकल्यातून रक्त पडत होतं
आणि डॉक्टर उधारीवर येत नव्हता.
लाउरीने आपल्या हाताने पाटी काढली.
खोटं कसं लावून ठेवायचं?

मग दुकानात पाठ, नळावर पाठ.
चॅपलमध्ये ती बसली की बाकडं रिकामं.
चार आवाजांची गाणी आमची;
तिचा खालचा सूर एकटाच मागून यायचा
आणि न बघता सगळे त्याच्याशी जुळवून घ्यायचे.

धाकटी राहिली नाही.
त्या आठवड्यात लाउरीने लिहिलं, खडूने,
मुलीच्याच शाळेच्या पाटीवर:

तुझ्या खिडकीत पाटी नाही,
दिवा आहे, प्रभू, दिवा आहे.
कोण आलं ते विचारण्याआधी
कडी काढणारा हात आहे.

बघा, क्षमा हा शब्द कुठेच नाही त्यात.
तिने गावाला क्षमा केली का, माहीत नाही.
केली नसावी.
प्रीती देवाची आहे म्हणाली, माझी आहे म्हणाली नाही.

चॅपलच्या वहीत ते उतरवलं माझ्या पणजीने.
बाकड्यावरून सगळ्यात आधी उठलेली तीच.
अक्षर सुरेख, पण खाली लाउरीचं नाव नाही.
लाजेने की आकसाने, कोण जाणे.
शंभर वर्षं आम्ही ते निनावीच गातोय,
डोळे मिटून, स्वर्गाकडे बघत.

काल येताना त्या घरावरून आले.
खिडकीत पुन्हा पाटी आहे:
जागा शिल्लक आहे.
गुडघे दुखत होते तरी थांबले जरा.

असो. भाता धरा हा,
दुसऱ्या कडव्याला दम पुरत नाही त्याला.