नियम क्रमांक अकरा

दिवाळीची सुट्टी संपली आणि सूचनाफलकावर
नियम क्रमांक अकरा लागला:
विद्यार्थ्यांचे केस नैसर्गिक काळ्या रंगाचेच असावेत.
मजकूर सरांचा, अक्षर माझं.
‘काळ्या’ हा शब्द मी मागाहून, काकपद देऊन वर घातला,
जागा होती म्हणून.

फाटकाशी तपासणीला मी उभी.
मुलगे सोपे असतात.
वेदांग धुरी पणजीला मामाकडे जाऊन
पुढची झुलपं तांबडी करून आला होता;
नाक्यावर धाडला, अर्ध्या तासात कातरून परत,
वर दात काढत.

हर्षला कोयंडेचं काय करायचं?
नववी ब. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी,
आणि केस सुंभाचे.
सोडणं खाडीच्या चिखलात महिनोन् महिने कुजवून,
झोडपून, वळून
वाळूवर उन्हात टाकलेल्या सुंभाचा असतो
तो रंग.
“काय लावलंस?”
“खोबरेल, बाई.”

पालकांना बोलवा, सर म्हणाले.
आई आली ती लिलाव अर्धा टाकून.
हातात बांगड्या, कोपरापर्यंत बांगड्याची खवलं.
खुर्ची दिली तर बसेना, वास लागात म्हणाली.
पदर मागे सारला:
तेच सुंभ, कपाळाशी जरा विरलेलं.
“आमच्यात सगळ्यांचे असेच.
हिच्या बापाशीच्यो तर मिशयो पण.”
सर म्हणाले, माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत.
सरांचे केस काळेभोर आहेत.
ती हसली नाही. मी पण नाही.
जाताना दाराशी थबकली
आणि बाईने बाईला सांगावं तसं, हळूच:
“कानार काळां लागलाहा तुमच्या. पुसा.”

रविवारचं होतं ते.
दर रविवारचं असतं.

दाखला आणा, असं ठरलं.
ग्रामीण रुग्णालयात असल्या दाखल्याचा नमुनाच नाही;
डॉक्टर म्हणे चहा पाजून हसत बसले.
गुरुवारी हर्षला आली ती काळी कुळकुळीत.
रिबिनींच्या कडा करड्या,
मानेवरून कॉलरमध्ये उतरलेला एक ओघळ.
मी तक्त्यात तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.
रकान्याचं नाव: नैसर्गिक.

तासाला ती डोकं खाजवत असते,
बीजगणिताचे सावंत सर सांगत होते, उवा असतील.
उवा नाहीत.
दहा रुपयांची ती पुडी माझ्याही न्हाणीत असते.
मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात:
सोळा वर्षांखालील मुलांसाठी नाही.
इतकी वर्षं मी कात्री
बरोबर त्याच ओळीवरून चालवत आले.

आज वह्या तपासायला घेतल्या.
वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा.
केसालाही धक्का न लागणे.
‘वादळात आमची होडी फुटली पण बाबांच्या
केसालाही धक्का लागला नाही. फक्त होडी गेली.’
बरोबर.
‘फक्त’च्या खाली मी रेघ ओढली
आणि का ओढली ते मग आठवेना.

पानांच्या शिवणीत एक केस अडकलेला.
बोटाच्या पेराएवढा तांबूस,
तिथून पुढे काळा.
फुंकर मारली, हलला नाही.

खालचा वाक्प्रचार:
केसाने गळा कापणे.
त्याच्यापुढे तिने काहीच लिहिलेलं नाही.
नुसती जागा सोडलीय,
एक वाक्य मावेल एवढी.

लाल पेनाचं टोपण काढून
मी कधीची बसलेय.