पोपडा

संडरलंडच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीच्या खोलीत
दर गुरुवारी सव्वादहाला मिसेस फान येतात.
वय एक्क्याण्णव, डावा खुबा नवीन, धातूचा.
मी म्हणते, सरळ उभ्या राहा.
त्या म्हणतात, तेवढं सोडून काहीही सांग.

मान एकीकडे, कंबर दुसरीकडे, गुडघा परत मानेकडे.
कागदावर मी लिहिलं होतं : ठेवण बिघडलेली.
चष्मा लावून त्यांनी ते वाचलं.
बिघडलेली नाही गं,
भिंतीवरून उतरवलेली आहे.

मग तुकड्यातुकड्यांनी, रबरी पट्टा ओढता ओढता :
वाळवंटाच्या कडेला लेणी. सोळा वर्षांची पोर.
नाच शिकवणाऱ्या बाई रॉकेलचा दिवा धरून भिंतीपाशी
आणि खाली वाळूत या, अनवाणी, वाकून बघतायत
चित्रातली वाकते तशा.
भिंतीवर नुसते थांबे असतात.
एका थांब्यावरून दुसऱ्यावर ती कशी गेली
हे रंगवणारा सांगत नाही.
ते आम्ही करून पाहिलं. कितीदा पडलो.

एकीला डावा हातच नव्हता.
पोपडा निघालेला, मनगटापुढे कोरी माती.
बाईंनी विचारलं, कुठे असेल हात?
मला भूक लागली होती,
मी वाडगा धरल्यासारखा धरला.
आता तिकडे शाळाशाळांतून पोरी तस्साच धरतात,
प्राचीन म्हणून.

मी फर्दापूरची.
एवढं सांगायला मला पाच गुरुवार लागले.
माझे वडील अजिंठ्याला लेण्याच्या दारात आरसा धरत.
आरशातून ऊन आत पांढऱ्या चादरीवर,
चादरीवरून भिंतीवर. पाहुणे वा वा म्हणत,
वडील सूर्याबरोबर इंच इंच सरकत.
आरसा धरणाऱ्याला आतलं काही दिसत नाही,
डोळे दिपलेले असतात.

मिसेस फान गप्प.
मग : त्यांचा हात दुखायचा?
उजवा खांदा. शेवटपर्यंत.
दाखव.

तर मी, निळ्या गणवेशात,
इथल्या पातळ, ताकासारख्या उन्हात
कोपर वर, मनगट बाहेर, मान जरा तिरकी
आणि समोर त्या, वॉकर सोडून
(माझ्या पोटात गोळा)
तोच आरसा धरून, तितक्याच हळू सरकत.

हे कुठल्या भिंतीवर नाही, त्या म्हणाल्या.
पुन्हा कर.

बाहेर पावणेअकराचा पेशंट
मुद्दाम खोकत होता.