खर्जाची घंटा

फ्लँडर्समधल्या एका गावच्या मनोऱ्यात
खोदेलीव्ह घंटा वाजवते :
वरच्या स्वरांना मुठी,
खर्जाला पाय.
गेल्या हिवाळ्यापासून पेडल दाबलं
की घोट्यामागे काहीतरी चावायचं,
आणि खाली बाजारात चीजवाला रेमी
मान वर करून म्हणायचा,
आज मोठी घंटा उशिरा आली.

डॉक्टर क्लासकेन्सनी टाचेच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना
जांभळ्या पेनने दोन ठिपके काढले.
बस, एवढंच.
सोनाराने कान टोचावेत तेवढी भोकं.
एकातून उजेड गेला, दुसऱ्यातून चिमटा,
आणि पालथी पडून, कमरेखाली बधिर, ती बघत राहिली
पडद्यावरचं पाण्याखालचं पांढरं खोरं,
त्यात लवेसारखे डुलणारे धागे,
आणि सांध्याच्या उंबऱ्यात अडकलेलं
सुपारीच्या खांडाएवढं हाड.

तिच्या वडिलांचा घोटा उघडला होता
तो दार फोडून उघडावं तसा.
वीतभर व्रण. अकरा आठवडे प्लास्टर.
पाय परत आला, पण वाकणं विसरून.
मग ओडिलोनने खर्जासाठी
बाकाखाली बसवली सात वर्षांची मुलगी.
त्याने गुडघ्याने खांद्याला खूण करायची,
तिने दोन्ही हातांनी पेडल ओढायचं.
घंटा ती अशी शिकली :
अंधारात, तेलाच्या वासात,
एका दुखऱ्या पायाला टेकून.

त्याच संध्याकाळी तिला घरी सोडलं.
दोन टाके. चार दिवस कुबड्या.
मुलगा घेंटहून फोनवर म्हणाला, येऊ का?
कशाला, ती म्हणाली, काही झालंच नाही.
आणि खोटंही नव्हतं ते.
फोन ठेवल्यावर
तिने मोजा खाली करून पाहिलं.
खरंच, दाखवण्यासारखं काही नव्हतं.

सातव्या रविवारी ती पायऱ्या चढली,
मधे दोनदा थांबून,
पाय दुखतो म्हणून नाही, दुखत नाही म्हणून.
बसण्याआधी वाकून बाकाखाली बघितलं.
तेलाचा डबा, कुणाचा तरी एक हातमोजा,
आणि बाकीची जागा
अजून एका मुलीला पुरेल एवढी.
डबा तिने पायानेच बाजूला सारला.

खाली रेमी तराजूत चीज ठेवत होता.
मोठी घंटा पडली, नेमकी वेळेवर.
त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.