लाभ, दोन, तीन

साडेदहाला सौदा निघतो,
दहा चाळीसला आमची साईट पडते.
बाजार समितीतून हावगीराव मामांचा फोन,
"म्याडम, तुमचं पान नुसतं गरगर फिरलालंय,
तुरीचा भाव कुणालाच दिसंना गेलाय."
मी रिस्टार्ट मारते. पान येतं.
का पडलं होतं ते कुणालाच कळत नाही,
मलासुद्धा.

आज रविवार. लातूर जरा उशिरा उठलंय.
गोलाईजवळ, पाइपांच्या दुकानावरच्या माळ्यावर
मी मोजणी बसवतेय.
आधी स्टेटसचं पान उघडलं, फक्त आतल्यांसाठी.
मग प्लगिनची फाइल, तिला चालायची परवानगी,
मग तिचंच नाव दुसऱ्या फोल्डरात जोडलं:
घर एकच, पाटी दोन दारांना.
कॉन्फिगमध्ये काहीतरी चुकलं.
पाऊण तास शोधलं.
एक स्पेस होती. नुसती स्पेस.
खाली कुकर दुरुस्तीवाला ठोकत होता,
त्याला निदान आवाज तरी येत होता
कुठं पोकळ आहे त्याचा.

आता पाच मिनिटं थांबायचं.
आलेख कोरा. आकड्याच्या जागी
आकडा नाही असं सांगणारी तीन अक्षरं.

बाबा आडतीत मापाडी होते.
पहिल्या मापाला एक म्हणत नसत, लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन, आणि तोंडात तुरीची धूळ.
मी लहानपणी विचारलेलं,
एकही पोतं आलं नाही तर काय लिहिता?
"शून्य लिहायचं.
कोरं सोडलं तर उद्या म्हणतील,
मापाडीच आला नव्हता."

पाच मिनिटांनी एक ठिपका उमटला.
मोकळ्या प्रोसेस पंधरा, कामात एक.
ती एकही मलाच स्टेटस सांगणारी.
मी हळूच म्हटलं, लाभ.

सोमवार. दहा अडतीस.
कामातले नऊ. मग तेरा. मग सोळाच्या सोळा,
आणि त्यांच्या मागं रांग वाढतेय,
टँकरपुढच्या घागरींसारखी,
कुणी कुणाला पुढं जाऊ देत नाही.
सोळाही जण एकाच स्क्रिप्टपाशी अडलेत,
वजनकाट्याच्या उत्तराची वाट बघत,
आणि काटा गप्प.

फोन वाजला. "पडली का ओ म्याडम?"
"पडली मामा.
पण आज माझ्यासमोर पडली."

रिस्टार्टवरचं बोट मी उचलून धरलं.
"पाच मिनिटं द्या," म्हटलं,
"अजून एक माप पडू द्या."