किरकोळ फेरबदल

नकाशा एकास चार हजार.
म्हणजे माझ्या अंगठ्याच्या नखाखाली
चाळीस मीटर नागपूर मावायचं.

एक्क्याण्णव साली ड्रॉइंग हॉलमध्ये
बावीस पुरुष, मी, आणि एक कूलर.
त्याच्या ताट्यांवर दुपारी पाणी मारणं
माझ्याकडे आपोआप आलं,
निवासीला पिवळा, उद्यानाला हिरवा
ठरलेलाच असतो, तसं.

साइटवर जीप जायची. मी नाही.
"मॅडम, ऊन पाहा. अन् तिकडे बायकांची सोय नाही."
सोय ऑफिसातही नव्हती.
रोज अकराला आणि साडेतीनला
मी सदरमधल्या एका शिंप्याच्या घरी जायचे.
त्याची बायको, रजियाबी,
मशीन न थांबवता मानेनेच आत जा म्हणायची.
या शहराच्या कुठल्याच आराखड्यात
ती सार्वजनिक सुविधा म्हणून दाखवलेली नाही.

पारडीच्या पुढे एक पांढरा तुकडा होता.
मोजणीदार म्हणाला, पडीत आहे.
मी हिरवी पेन्सिल घेतली,
बाबा मागावर काठ सांभाळायचे
तशी कडा सांभाळत रंगवत गेले.
शून्य पूर्णांक आठ हेक्टर.
त्या संध्याकाळी इतवारीपर्यंत सायकल हाणताना
मला वाटत होतं, मी झाडं लावली.

मग बढत्या. मग बदल्या, अमरावती, चंद्रपूर, परत.
दारावर पाटी लागली: उपसंचालक, कु. ल. हेडाऊ.
लोक अजून आत डोकावून विचारतात,
साहेब कुठं गेले?

या एप्रिलमध्ये, निवृत्तीला तीन महिने असताना,
नोटिसा घेऊन मी स्वतः गेले त्या हिरव्यावर.
बासष्ट घरं. दोन हातपंप.
एका पत्र्यावर 'दुल्हन मेकअप'.
सरसाबाई नेवारेंनी प्लास्टिकची खुर्ची टाकली,
गडवा भरून पाणी दिलं, मग विचारलं,
"नकाश्यात आमचं घर कोनत्या कलरमंदी हाय जी?"
हिरव्या, मी म्हणाले.
बाई खूश झाल्या.
"हिरवं म्हंजे चांगलंच असन नं?"

मी पाणी पीत राहिले.
समोर शेवगे सात, कडुनिंब चार, एक बेल.
उद्यान विभागाचं एकही नाही.

मग मला जावं लागलं.
छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या बाईला
एवढं पाणी प्यायल्यावर जावं लागतं.
विचारताना जीभ अडली, पिशवीत नोटिसा होत्या.
त्यांनी साडीचा पडदा सारला,
बादली भरून दिली,
आणि दाराला कडी नाही म्हणून
पाठ करून बाहेर उभ्या राहिल्या.

नोटिसा तशाच परत आणल्या.
रात्री टिपणी लिहिली, कलम सदतीस:
किरकोळ फेरबदल, हिरव्याचं पिवळं.
त्या बासष्ट घरांची पोरं मग खेळतील कुठं
हे टिपणीत लिहिलं नाही.
मला माहीत नाही.
फाइल मुंबईला गेली आहे. परत येईल तेव्हा
माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी असेल.

परवा सदरला गेले होते, सहज.
शिंप्याचं घर जिथं होतं तिथं
आता दुभाजक आहे, त्यात कण्हेर.
रस्तारुंदीत गेलं, पानवाला म्हणाला,
दहा-बारा वर्षं झाली.
अठरा मीटर.

सही कुणाची,
ते मी फाइल काढून पाहिलं नाही.